सतरा माणसांची कंपनी आणि बदलते कामगार कायदे

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

तुमचं अंधेरी पूर्वेला वैद्यकीय उपकरणं विकण्याचं आणि त्यांच्या देखभालीचं काम आहे. रोलवर १७ माणसं, त्यातले दोन सर्व्हिस इंजिनियर एकेक वर्षाच्या करारावर. शिवाय साफसफाई आणि पॅकिंगसाठी कंत्राटदाराकडून आलेली चार माणसं. पगाराचं सगळं तुमचे अकाउंटंट बघतात. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रम संहिता लागू झाल्यापासून त्यांना आणि तुम्हाला रोज एक नवा मेसेज येतो, आणि प्रत्येक मेसेज आधीच्यापेक्षा वेगळं सांगतो. तुमचा प्रश्न असा, की कायदे या वेगाने बदलत असताना छोट्या मालकाने त्यांच्यावर लक्ष ठेवायचं कसं, आणि त्यासाठी दरमहा पैसे मोजून सल्लागार किंवा अपडेट पाठवणारी सेवा घ्यावी का.

मुंबईतल्या लहान-मध्यम कंपन्यांची पगारपत्रकं, पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि कामगार कायद्यांची पूर्तता हेच माझं काम आहे. माझ्या अनुभवात बदलाची बातमी मालकापर्यंत पोचली नाही असं क्वचितच होतं. बातमी पोचते, उलट चार वेळा पोचते. अडचण वेगळी असते. आज आपल्या कंपनीला नेमकं काय लागू आहे, हेच कोणी एका जागी लिहून ठेवलेलं नसतं. त्यामुळे नवा बदल कशाच्या जागी आला, आपल्या कुठल्या माणसाच्या पगारावर त्याचा परिणाम होणार, हे ठरवता येत नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे: कायदा वर्षातून काही वेळा बदलतो, तुमची कंपनी मात्र दर महिन्याला बदलते. एक माणूस वाढतो, कोणाचा पगार एका रेषेच्या वर जातो, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समितीतली एक बाई नोकरी सोडते. माझ्याकडे येणाऱ्या नोटिसांपैकी बहुतेक नोटिसा अशा बदलांतून आलेल्या असतात. कायदा तोच असतो, कंपनी त्याच्या कक्षेत कधी आली ते कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

याचं उदाहरण तुमच्याच प्रश्नात आहे. तुम्ही सहज लिहून गेलात, "आम्ही वीसच्या खाली आहोत, त्यामुळे पीएफ लागू नाही." हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. पीएफची रेषा २० माणसांची आहे, बरोबर. पण कर्मचारी कोण, याच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आस्थापनेच्या कामाला लावलेली माणसंही येतात. पीएफच्या १९५२ च्या कायद्यात हे होतं, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. तुमची १७ आणि कंत्राटदाराची ४ मिळून २१ होतात. आता यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. ती चार माणसं नियमित येतात की अधूनमधून, कंत्राटदाराचा स्वतःचा पीएफ क्रमांक आहे का, त्यात या चौघांचे पैसे खरोखर जातात का, तुमच्या १७ मध्ये अप्रेंटिस कायद्याखालचे कोणी आहेत का (ते मोजणीत येत नाहीत), हे कागद बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण "लागू नाही" असं गृहीत धरून बसण्यासारखी तुमची स्थिती नाही. नव्या संहितांकडे वळण्याआधी हा प्रश्न सोडवा. कारण पीएफ एकदा लागू झाला की माणसं नंतर २० च्या खाली गेली तरी सुटत नाही. आणि उशिरा भरलेल्या रकमेवर व्याज वेगळं, नुकसानभरपाईची आकारणी वेगळी. कामगाराच्या पगारातून कापता आला नाही तो त्याचा हिस्साही मागच्या काळासाठी शेवटी मालकाच्याच खिशातून जातो.

प्रत्येक कायदा डोकी वेगळ्या पद्धतीने मोजतो, हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्मा गोंधळ कमी होतो. महाराष्ट्राचा कामगार कल्याण निधी पाच माणसांपासून सुरू होतो. ईएसआय, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार द्यायची रक्कम) आणि लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालची अंतर्गत समिती यांची रेषा १० ची. म्हणजे ही तिन्ही तुम्हाला लागू आहेत, आणि तुम्ही त्यातल्या फक्त ईएसआयचा उल्लेख केलाय. पीएफ आणि बोनस २० ला. पाळणाघराची जबाबदारी ५० ला. आपण ज्याला अजून गुमास्ता म्हणतो, तो महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्याची रेषा आधी १० ची होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती २० वर गेली. त्याच दुरुस्तीने रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० वर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची १२५ तासांवरून १४४ वर गेली. पण त्या कायद्यात "कामगार" मोजताना व्यवस्थापकीय पदावरची माणसं धरत नाहीत, एजन्सीमार्फत आलेली मात्र धरतात. म्हणून एकाच ऑफिसात पीएफसाठी आकडा २१ येतो आणि गुमास्त्यासाठी १८, असं सहज घडतं. दोन्ही बरोबर असतात.

इथे एक आग्रहाची विनंती. रेषा वर गेली म्हणून आधी देत असलेल्या रजा, सुट्ट्या काढून घेऊ नका. नेमणूकपत्रात वर्षाला आठ नैमित्तिक रजा लिहिल्या असतील तर तो करार आहे, कायद्याची सक्ती असो वा नसो. आणि मराठी पाटीचं बंधन तर माणसं कितीही असली तरी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ते दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांनाही लागू झालं, आणि सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत नोव्हेंबर २०२३ मध्येच संपली. महापालिकेचे निरीक्षक आले की पहिली नजर पाटीवर जाते.

आता संहितांकडे येतो, कारण तुमचे अकाउंटंट तिथेच अडकलेत. २९ केंद्रीय कायदे मिळून चार संहिता झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा. गुमास्ता, कामगार कल्याण निधी, व्यवसाय कर हे राज्याचे कायदे आहेत. ते त्यांत विलीन झालेले नाहीत, जागच्या जागी आहेत. लैंगिक छळ प्रतिबंध कायदाही वेगळाच आहे. म्हणजे "आता चारच कायदे" हा मेसेज डिलीट करायला हरकत नाही. संहितांखालचे बहुतेक नियम तुमच्यासारख्या खासगी आस्थापनेसाठी राज्य सरकारचे लागतात, आणि ज्या मुद्द्यावर नवे नियम आलेले नाहीत तिथे जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तेवढे, चालू राहतात. "जुनं सगळं रद्द, नवं अजून नाही, म्हणजे मधे मोकळीक" असा अर्थ काही जण काढतात, तो धोकादायक आहे.

तुमच्या पगारपत्रकावर खरा परिणाम करणारी गोष्ट म्हणजे वेतनाची व्याख्या. व्हॉट्सॲपवर ती "बेसिक ५० टक्के करा" अशी फिरते. संहितेत तसं लिहिलेलं नाही. संहिता म्हणते, माणसाला मिळणारं सगळं वेतन धरा आणि त्यातून ठरावीक गोष्टी वगळा: घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, कायद्याने द्यायचा बोनस, मालकाचा पीएफ वगैरे. वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर जास्तीचा भाग परत वेतनात मिळवा. इतकंच.

तुम्ही दोन सॅलरी स्लिपांचे आकडे दिलेत, त्यांवरच करून बघू. हिशोब सोपा राहावा म्हणून मालकाचा पीएफ बाजूला ठेवतो. पहिली स्लिप स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंची: एकूण ३०,०००, बेसिक १०,०००, घरभाडे ८,०००, प्रवास ४,०००, स्पेशल अलाउन्स ८,०००. यात वगळायच्या यादीतले फक्त घरभाडे आणि प्रवास, म्हणजे १२,०००. निम्मे होतात १५,०००, त्याच्या आतच आहे. म्हणून वेतन झालं १८,०००. बेसिक १०,००० चं १५,००० करायची काहीच गरज नाही. स्पेशल अलाउन्स हे नाव वगळायच्या यादीत नाही, त्यामुळे तो आपोआप वेतनात येतो. आणि हे नवं नाही. सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते पीएफसाठी बेसिकमध्ये धरायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलं होतं.

दुसरी स्लिप विक्री बघणाऱ्याची: एकूण तेच ३०,०००, बेसिक १०,०००, घरभाडे १२,०००, प्रवास ८,०००. वगळलेली बेरीज २०,०००, निम्म्यापेक्षा ५,००० ने जास्त. ते ५,००० परत आले, वेतन १५,०००. आता याचा परिणाम ग्रॅच्युइटीवर बघा. समजा हा माणूस दहा वर्षं पूर्ण करून गेला. मासिक वेतन गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले सेवेची वर्षं या सूत्राने १०,००० वर ग्रॅच्युइटी येते ५७,६९२ रुपये, १५,००० वर येते ८६,५३८. एका माणसामागे जवळजवळ एकोणतीस हजारांचा फरक. हा फरक आज हातातून जात नाही, म्हणून दिसत नाही. पण तो तुमच्या डोक्यावर आहे, आणि दर मार्चअखेर ग्रॅच्युइटीची तरतूद करताना तो धरायला हवा. तुमच्या अकाउंटंटना सांगा की १७ च्या १७ जणांचा असा एक तक्ता करा, प्रत्येकाच्या नावापुढे "वगळलेलं किती, निम्मे किती, वेतन किती". एका दुपारचं काम आहे, आणि ते झालं की संहितांबद्दलची तीन चतुर्थांश धास्ती जाईल.

करारावरच्या दोन इंजिनियरांचं काय? ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट आता नाही, एक वर्ष पूर्ण झालं की हक्क सुरू होतो. त्यांची मुदत संपेल तेव्हा ही रक्कम द्यायची आहे, ती आत्तापासून धरा. करार दरवर्षी नवा करून मधे चार दिवसांचा खंड दाखवण्याची जुनी पद्धत अनेक ठिकाणी आहे. कृपया त्या वाटेला जाऊ नका. काम सलग असेल तर असा खंड वादात टिकत नाही, आणि दोन चांगली माणसं मनातून दुरावतात ते वेगळंच.

संहितांतला आणखी एक बदल तुमच्या ऑफिसच्या रोजच्या कामात हात घालणारा आहे. माणूस राजीनामा देऊन गेला किंवा काढला गेला, की त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. मुंबईत आजवर "फुल अँड फायनल ४५ दिवसांत" हे वाक्य नेमणूकपत्रात छापूनच येतं. ते वाक्य काढा. पण नुसतं वाक्य काढून भागणार नाही, दोन दिवसांत हिशोब का होत नाही ते बघायला हवं. बहुतेक ठिकाणी कारणं तीच असतात. शिल्लक रजेचा आकडा एकाकडे असतो, लॅपटॉप आणि डेमो मशीन परत आलं का हे दुसऱ्याला माहीत असतं, प्रवासखर्चाची बिलं तिसऱ्याच्या टेबलावर पडलेली असतात, आणि माणूस गेल्यावर या तिघांची शोधाशोध सुरू होते. नोटीस पीरियडच्या पहिल्याच आठवड्यात एक कागद फिरवा, त्यावर रजा, ॲडव्हान्स, कंपनीच्या वस्तू आणि बिलं या चार ओळी भरून घ्या, आणि जाणाऱ्याचीही सही घ्या. शेवटच्या दिवशी फक्त बेरीज उरते. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत वेगळी आहे, ती या दोन दिवसांत कोंबू नका.

थोडं थांबून आतापर्यंतचं सांगतो. पीएफसाठीची डोकी आधी मोजा. मग १७ जणांचा वेतनाचा तक्ता करा. करारातल्यांची ग्रॅच्युइटी आणि नोकरी सोडणाऱ्यांचा हिशोब यांची पद्धत बसवा. यातलं काहीही नव्या बातमीची वाट बघत नाही.

आता बातम्यांबद्दल. एखादी गोष्ट कायदा होईपर्यंत तिला बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीवर वर्तमानपत्रात "आता असं होणार" अशी बातमी येते. वेतन संहिता संसदेत मंजूर झाली २०१९ ला, बाकीच्या तीन २०२० ला, आणि लागू झाल्या नोव्हेंबर २०२५ ला. मधल्या काळात "१ जुलैपासून आठवड्यातून चार दिवस काम" हा मेसेज किती ऑफिसांत फिरला असेल! दहा तासांचंही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, अध्यादेश निघाला त्यानंतर. मंजुरीची बातमी वाचून काही ठिकाणी दुसऱ्याच दिवशी रोस्टर बदलले गेले, आणि आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. म्हणून माझ्या टेबलावर एकच नियम आहे. राजपत्रातली अंतिम अधिसूचना हातात आल्याशिवाय पगारपत्रकाला हात लावायचा नाही. मसुदा असेल तर तो वाचायचा, तयारी करायची, हरकत असेल तर मुदतीत नोंदवायची, पण अंमल करायचा नाही. अधिसूचनेतही आधी शेवटची ओळ बघायची: कोणत्या तारखेपासून आणि कोणाला.

उलट काही बदल इतके शांतपणे येतात की त्यांची बातमीच होत नाही, आणि माझ्या मते तेच जास्त अडचणीत आणतात. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारी आणि जुलैला, महागाई निर्देशांकानुसार. आदेश कधी पुढच्या महिन्यात हाती येतो, लागू मात्र पहिल्या तारखेपासून असतो, म्हणून फरक द्यावा लागतो. तुमच्याकडच्या कंत्राटी चौघांचा पगार या रेषेच्या अगदी जवळ असणार. व्यवसाय कराचं बघा: १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. तरीही जुनं सॉफ्टवेअर अपडेट न केल्यामुळे बावीस हजार पगाराच्या मुलीच्या स्लिपवर २०० रुपयांची कपात चालू असलेली मी आजही बघतो. हे २०० रुपये तिचे आहेत. कामगार कल्याण निधीची वर्गणी २०२४ मध्ये बदलली. कर्मचाऱ्याची १२ वरून २५ आणि मालकाची ३६ वरून ७५, दर सहा महिन्यांनी. रक्कम लहान आहे म्हणून राहून जाते.

ईएसआयमधली एक चूक मला फार लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मर्यादा महिन्याला २१,००० ची. वर्गणीचे दोन कालावधी: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. समजा तुमच्या डिस्पॅचच्या मुलाचा पगार जूनमध्ये २०,५०० वरून २१,८०० झाला. अकाउंटंट म्हणतात, मर्यादा ओलांडली, जूनपासून ईएसआय बंद. नाही. कालावधीच्या मधे मर्यादा ओलांडली तर सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी चालूच राहते, आणि ती पूर्ण पगारावर. इथे मालकाचे सव्वातीन टक्के वाचल्यासारखे वाटतात, पण त्या मुलाचा हक्क वर्गणीच्या दिवसांवर ठरतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर त्याला पुढच्या जानेवारी ते जूनमधले आजारपणाचे पैसे मिळायचे असतात. तुम्ही जूनला बंद केलंत आणि त्याला फेब्रुवारीत टायफॉइड झाला, तर दिवस कमी भरल्यामुळे तो रिकाम्या हाताने परत येऊ शकतो. हा खरोखर एका माणसाच्या घरखर्चाचा प्रश्न आहे, नुसता फॉर्मचा नाही. पगारवाढ नेहमी एप्रिलला दिली तर हा घोळ बराच टळतो, आणि जिथे शक्य आहे तिथे मी तेच सुचवतो.

अंतर्गत समितीबद्दल एवढंच: दहा माणसं असली की ती हवीच, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी स्त्रिया, आणि बाहेरची एक सदस्य. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. अनेक ऑफिसांत समितीचा कागद भिंतीवर असतो, पण त्यावरच्या दोघी कधीच नोकरी सोडून गेलेल्या असतात. तुमच्याकडे १७ जणांत स्त्रिया किती ते तुम्ही लिहिलं नाहीत. पुरेशा वरिष्ठ पदावर कोणी नसेल तर तुमच्याच दुसऱ्या शाखेतून किंवा दुसऱ्या संस्थेतून अध्यक्ष घेण्याची सोय कायद्यात आहे.

कंत्राटदाराच्या बाबतीत एक गोष्ट हातात घेऊन बघा. तुम्ही म्हणता तो दर महिन्याला पीएफचं चलन देतो. चलनावर फक्त एकूण रक्कम असते. त्याची तीस ठिकाणी माणसं असतील आणि चलन वीसच जणांचं असेल, तर ते तुम्हाला चलनावरून कळणार नाही. त्याच्याकडून त्या महिन्याच्या ईसीआरचं (पीएफ भरताना दिलेल्या मासिक विवरणपत्राचं) नावांचं पान मागा. त्यात तुमच्याकडच्या चौघांची नावं, यूएएन (प्रत्येकाचा पीएफ क्रमांक) आणि वेतन शोधा, आणि ते वेतन तुमच्या गेटवरच्या हजेरीशी जुळवा. हजेरीत २६ दिवस आणि ईसीआरमध्ये १२ दिवसांचं वेतन असेल, तर बिल थांबवून विचारा. चौघांनाही त्यांच्या मोबाइलवर पासबुक कसं बघायचं ते शिकवा. कुठल्याही निरीक्षकापेक्षा ती तपासणी पक्की असते. कंत्राटदाराने भरलं नाही तर शेवटी मुख्य मालक (ज्याच्यासाठी काम होतं तो) म्हणून वसुलीला अधिकारी तुमच्याकडेच येतात. पॅकिंगवाले मालाची चढ-उतार करत असतील तर माथाडी कायदा, आणि पुढे एजन्सीमार्फत सुरक्षारक्षक ठेवलात तर सुरक्षा रक्षक मंडळाचा कायदा, हे दोन महाराष्ट्राचे खास कायदे आहेत. बाहेरगावच्या सल्लागारांना ते अनेकदा ठाऊकच नसतात.

हे सगळं सांभाळायचं कसं? कंपनीचं एक पान करा, खरोखर एकच. डावीकडे कायदा, मग तो लागू होण्याची रेषा, आज आपला आकडा, पुढची तारीख, आणि कोण करणार त्याचं नाव. तारखा फार नाहीत. वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, पीएफ आणि ईएसआय १५ च्या आत, कल्याण निधी १५ जुलै आणि १५ जानेवारी, समितीचा वार्षिक अहवाल ३१ जानेवारी. पगार काढायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः अकाउंटंटबरोबर बसा आणि तीन गोष्टी विचारा: या महिन्यात कोण आलं-गेलं, कोणाचा पगार कुठल्या रेषेच्या जवळ गेला, आणि कुठली अधिसूचना आली. अकाउंटंटवर सोडून देऊ नका. ते हिशोबात चोख असतील, पण माणूस कधी घ्यायचा, करारावर घ्यायचा की रोलवर, हे निर्णय तुमचे असतात, आणि कायदा त्या निर्णयांच्या क्षणी लागू होतो. अधिसूचना बघायला महाराष्ट्र शासनाचं राजपत्र, कामगार आयुक्तालयाचं संकेतस्थळ आणि पीएफ व ईएसआयची परिपत्रकं एवढं पुरतं. महिन्यातून एकदा बघा, रोज बघायची गरज नाही. शंका अडली तर बीकेसीतल्या कामगार भवनात लेखी विचारता येतं. नव्या संहितांमध्ये निरीक्षकाला "सुविधाकार" ही भूमिकाही दिली आहे, आणि वेतन संहितेखालच्या बऱ्याच चुकांमध्ये खटल्याआधी सुधारायची एक संधी द्यायची तरतूद आहे. तीच चूक पाच वर्षांत पुन्हा केली तर ती संधी मिळत नाही.

आता पैसे देऊन सेवा घ्यायची का. नुसते अपडेट पाठवणारी सेवा तुम्हाला नको. त्यात देशभरातले बदल येतील आणि तुमच्या उपयोगाचे दोनचार त्यांत हरवतील. सल्लागार मात्र घ्या, निदान पहिलं वर्षभर, कारण पीएफचा प्रश्न एकट्याने सोडवण्यासारखा नाही. मागचे हजेरीपट आणि कंत्राटदाराची बिलं बघून कोणत्या तारखेपासून २० झाले ते ठरवावं लागेल, आणि तुम्ही स्वतःहून गेलात तर नोटीस आल्यावर जाण्यापेक्षा बोलणं सोपं होतं. करारात तीन गोष्टी लिहून घ्या. बदल आला की "आमच्या कंपनीत कोणाच्या स्लिपवर काय फरक पडतो" हे तो नावानिशी लेखी कळवेल. भरणा तो करत असेल तर पैसे तुमच्या खात्यातून थेट सरकारी पोर्टलवर जातील, त्याच्या खात्यातून नाही. आणि सगळे लॉगिन, पासवर्ड, डिजिटल सही तुमच्या ताब्यात राहतील, नोंदवलेला मोबाइल नंबर तुमचा असेल. सल्लागार बदलताना सगळ्यात जास्त अडवणूक याच शेवटच्या गोष्टीवरून होते. तुमच्या ईएसआयच्या नोंदणीत आत्ता कोणाचा नंबर आहे, ते आजच बघून घ्या.